चांदीचा आवाज

मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधायचं यंत्र, कसं निवडावं असं मला कुणी विचारलं, तर मी एकच सांगते: यंत्र बघू नका, ऐका. गेल्याच महिन्यात मी नवा घेतला. दुकानातला माणूस अर्धा तास मला त्याचा रंगीत स्क्रीन दाखवत होता. अमुक खोली, तमुक आकडा, ब्लूटूथ, आणखी काय काय. मी म्हटलं, अरे बाबा, ते राहू दे, आधी आवाज ऐकव. पांढऱ्या केसांची एक बाई सुटीच्या दिवशी वाळूत जुनी नाणी शोधत हिंडते हेच मुळात त्याच्या पचनी पडत नव्हतं, त्यात ही मागणी. शेवटी त्याने काउंटरवर पन्नास सेंटचं नाणं ठेवलं आणि मी डोळे मिटून पंधरा मिनिटं ऐकत बसले. माझी मुलगी शेजारी उभी होती. ‘ममा, पीपल लुकिंग ला,’ असं इथल्या ‘ला’वाल्या इंग्रजीत दोनदा म्हणाली. बघू देत. हा नाद मला बाबांकडून लागला, आणि आवाजाबद्दलचा हट्टही त्यांच्याचमुळे. पण हट्ट काही त्यांनी शिकवला म्हणून आलेला नाही. ती हकिकत मी आजवर नीट कुणाला सांगितलेली नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आम्ही तेव्हा सिंगापूरच्या वुडलँड्सला राहायचो, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर. मी पंधरा वर्षांची होते. बाबा जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात इंजिनांवर इंजिनीअर होते, आणि त्यांची ख्याती होती ती कानाची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाच्या बेअरिंगला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, आणि मग सांगायचं, ‘तिसरं खोला.’ तिसरं खोललं की दोष तिथेच. मुंबईच्या गोदीत असताना एका जहाजाच्या कप्तानाने हा प्रकार पाहिला, त्याने इथे कुणालातरी सांगितलं, आणि आमचं बिऱ्हाड सिंगापूरला आलं. म्हणजे इथे राहू देणारा बाबांचा वर्क पास, तो फ्लॅट, माझी शाळा, आईचा तो नवाकोरा ओव्हन, सगळं त्या एका कानावर उभं होतं. आई पाहुण्यांना हे कौतुकाने सांगायची. ‘लोक डोक्यावर नोकरी मिळवतात, आमच्याकडे कानावर.’ पाहुणे हसायचे, बाबाही हसायचे.

घरात आवाज भरपूर असायचा. लांबलचक कॉरिडॉर, प्रत्येक दार उघडं, जाळीचं फाटक तेवढं बंद. शेजारच्या मलाय बाईंचा खलबत्ता सकाळी नऊला सुरू व्हायचा आणि मग मिरची आणि बेलाचनचा, म्हणजे तिथल्या आंबवलेल्या कोळंबीच्या गोळ्याचा, असा ठसका यायचा की आई इकडे लसूण खोबऱ्याची चटणी कुटत असली तरी खोकायची. खाली रद्दीवाला त्याचा भोंगा वाजवत फिरायचा. आईचा कुकर, टीव्हीवरच्या चिनी मालिका, लिफ्टचं दार. पुण्याच्या घरून बॅगेत भरून आणलेली भाजणी संपेपर्यंत शनिवारी थालीपीठ. संपली की आई इथल्या दुकानातली कसली कसली पिठं एकत्र करून काहीतरी थापायची आणि त्याला निःसंकोच थालीपीठच म्हणायची. मला ते जास्त आवडायचं. हे तेव्हा तिला सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

शनिवारी सकाळी ओहोटी असली की बाबा आणि मी सेंबावांगच्या किनाऱ्यावर जायचो. तो किनारा इवलासा आहे, पोहण्यासारखा नाही, समोर मलेशियातल्या जोहोरची कारखान्यांची रांग. पण तिथली वाळू मूळची आहे, भराव घालून केलेली नाही. पूर्वी तिथे इंग्रजांच्या आरमाराचा तळ होता, त्यामुळे खलाशांच्या खिशांतून पडलेलं काहीबाही अजून निघायचं. राजाचं डोकं असलेलं चांदीचं दहा सेंटचं नाणं, चौकोनी एक सेंट, गणवेशाचं बटण. आणि अर्थातच बार्बेक्यूवाल्यांची घाण: बाटल्यांची बुचं, खिळे, आणि कोल्ड्रिंकच्या कॅनच्या ॲल्युमिनियमच्या कड्या. या कड्यांसारखा नाणी शोधणाऱ्याचा दुसरा वैरी नाही. शंभर वेळा खणाल तर ऐंशी वेळा कडी.

आमच्या डिटेक्टरला हेडफोनची एक दुफाट्याची वायर बाबांनीच बनवून जोडली होती, म्हणजे यंत्र एक आणि ऐकणारे दोघं. लोखंड असलं की घोगरा आवाज, कडी असली की मधला, आणि चांदी किंवा तांबं असलं की बारीक, उंच. आमचा नियम असा होता की खणायच्या आधी दोघांनी ओळखायचं आणि जो चुकेल त्याने खड्डा बुजवायचा. खड्डा बुजवल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही, हा बाबांचा दंडक. सुरुवातीला सगळे खड्डे मीच बुजवायचे. मग हळूहळू पारडं फिरलं. त्या वर्षी बाबाच बुजवायला लागले. मी ‘नाणं’ म्हणायचे, ते ‘काही नाही गं, चल पुढे’ म्हणायचे, आणि मी हट्टाने खणलं की नाणं. मला वाटलं, आपण आता बापापेक्षा वरचढ झालो. शाळेत मैत्रिणींना सांगितलंसुद्धा. शिंगं फुटली होती मला.

एक दिवस बाबांनी जाहीर केलं की डिटेक्टर गेला. ‘वरचा आवाजच देत नाही. खारं पाणी शिरलंय.’

‘बाबा, मला तर येतोय की ऐकू.’

‘तुझ्या बाजूच्या वायरीत येत असेल. माझ्या बाजूची गेली.’

त्यांनी वायर झाळली. पुढच्या शनिवारी परत तेच. परत झाळली. तिसऱ्यांदा झाळून दोन्ही हेडफोनही बदलून पाहिले. आयुष्यभर इंजिनं खोललेला माणूस तो. बिघाड म्हटला की तो यंत्रातच शोधायचा. माणसातही असू शकतो हे ना त्यांच्या मनात आलं ना माझ्या. निदान मला तरी तेव्हा असंच वाटत होतं. मग ठरलं की नवा घ्यायचा.

त्यानंतर दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. बाबांनी कुठून कुठून पत्रकं मागवली. ओल्या खाऱ्या वाळूत कोणतं यंत्र उगीच बडबडत नाही, कोणाचं वजन किती, कोणाची खालची तबकडी पाण्यात चालते. जेवणाच्या टेबलावर तक्ते पसरलेले असायचे आणि आईला ताट ठेवायला जागा नसायची. ‘अहो, मला बघायला आलात तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिला होतात,’ ती म्हणायची, ‘या मेल्या काठीसाठी किती फेऱ्या?’ बाबा म्हणायचे, ‘तेव्हा अनुभव नव्हता.’ मग ती उलथनं दाखवायची. त्या दिवसांत टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, आणि बाबांच्या मनगटावरच्या घड्याळाचा गजर सकाळी वाजत राहायचा तो आई येऊन बंद करायची. ‘घोरतात मेले,’ म्हणायची. आम्ही सगळे मिळून त्यावर हसत होतो. आज लिहिताना कळतं की सगळं समोर मांडून ठेवलेलं होतं.

शेवटी दोन यंत्रं उरली, एक निळं आणि एक करडं. ती विकणारे गोह अंकल म्हणजे जुन्या एका शॉपिंग सेंटरच्या तळमजल्यावर छोटं दुकान चालवणारे गृहस्थ. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांची पद्धत वेगळी होती. काउंटरवरून यंत्र विकायचंच नाही. गिऱ्हाइकाला किनाऱ्यावर बोलवायचं, पाठ करून उभं करायचं, आपण वाळूत वीतभर खोल एक चांदीचं नाणं, एक कडी आणि एक खिळा पुरायचा, वाळू सारखी करायची, आणि मग यंत्र हातात द्यायचं. काटा आणि स्क्रीन रुमालाने झाकलेला. ‘फर्स्ट यू लिसन. मशीन लाइक वाइफ, मस्ट लिसन,’ असं म्हणून खो खो हसायचे. आईला हे विधान फार पसंत होतं. त्या शनिवारी तिने त्यांच्यासाठी डब्यात थालीपिठं दिली होती, आणि त्यांनी आमच्यासाठी काया, म्हणजे नारळ-अंड्याचा गोड जॅम, लावलेले बन आणले होते.

पहिलं निळं यंत्र. दुफाट्याची वायर लावून एक हेडफोन बाबांच्या कानावर, एक माझ्या. बाबा सावकाश तबकडी फिरवत पुढे निघाले. खिळ्यावर घोगरा आवाज आला. बाबा म्हणाले, ‘लोखंड.’ कडीवर मधला आला; बाबा म्हणाले, ‘कडी असावी.’ आणि मग माझ्या कानात एक असा आवाज आला की मी आजही तो ओळखेन. बारीक, स्वच्छ, तासून काढल्यासारखा. चांदी! मी बाबांकडे पाहिलं. ते चालतच होते. नाण्याच्या पुढे हातभर गेले, थांबले, परत फिरले. परत तोच आवाज. ते परत पुढे गेले. तिसऱ्या वेळी तबकडी अगदी नाण्यावर थांबवून इकडेतिकडे हलवली, आणि माझ्या कानात नुसता चिवचिवाट. बाबांच्या कपाळावर आठी. आणि तेव्हा मला लख्ख कळलं. वायर नाही. जुना डिटेक्टरही नाही. तो धडधाकट होता.

बाबांनी हेडफोन काढला. ‘हे मुकं आहे,’ ते म्हणाले. गोह अंकलनी वायर काढून घेतली. मग करडं यंत्र घेतलं. त्याला आवाजच एक, जाडाभरडा, भोंग्यासारखा; खिळा असो, कडी असो, चांदी असो, भों. बाबांना तिन्ही ठिकाणी ऐकू आलं. त्यांचा चेहरा उजळला. ‘हे बघ! याला म्हणतात यंत्र.’ आणि मग त्यांनी माझ्याकडे वळून सरळ विचारलं, ‘विंदे, निळ्यात तुला तिथे काही आलं होतं का ऐकू?’

मला भीती वाटली. आता लपवण्यात काय अर्थ आहे. भीती बाबांच्या कानाची नव्हती. भीती माझी होती. डोळ्यांसमोर भराभर सगळं आलं: कान गेला तर यार्ड, यार्ड गेलं तर पास, पास गेला तर पुणे. माझी ओ लेव्हलची, म्हणजे इथल्या दहावीची, परीक्षा सहा महिन्यांवर होती. पुण्याच्या शाळेत मराठीचा पेपर लिहिणारी मी, हे चित्र मला त्या क्षणी मरणासारखं वाटलं. पंधराव्या वर्षी माणूस किती झटकन हिशोब करतो!

‘नाही बाबा,’ मी म्हटलं. ‘मलाही नाही आलं.’

‘बघ!’ बाबा गोह अंकलना म्हणाले. ‘माय डॉटर ऑल्सो. नथिंग.’

बाबा करडं यंत्र पिशवीत भरायला गेले तेव्हा गोह अंकल माझ्याजवळ आले. पुरलेलं नाणं त्यांनी उकरून काढलं होतं, ते बोटांनी पुसत हळूच म्हणाले, ‘गर्ल, यू हिअर, राइट?’ मी होकारार्थी मान हलवली. ‘देन व्हाय नेव्हर टेल?’ मी म्हटलं, ‘अंकल, प्लीज ला.’ त्यांनी नाणं खिशात टाकलं. ‘युअर फादर,’ ते म्हणाले. ‘यू टेल. नॉट मी.’ मग त्यांनी थालीपिठाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि आईला थँक यू सांग म्हणाले. करडं यंत्र ओल्या वाळूसाठी कामाचं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी विकलं. मी त्यांना बराच काळ दोष देत असे. आता देत नाही. घरच्या माणसाने तोंड उघडायचं नाही आणि दुकानदाराने उघडायचं, ही अपेक्षा काही बरोबर नव्हे.

त्यानंतर सव्वा वर्ष आम्ही कड्या खणल्या. भों झालं की खणायचं. आवाजावरून ओळखायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे आमचा ओळखण्याचा खेळ आपोआप बंद पडला आणि खड्डे दोघं मिळून बुजवायला लागलो. बाबा खूश होते. ‘काय ठणठणीत आवाज आहे!’ दर शनिवारी. प्रत्येक कडी निघाली की मी ती घाईघाईने पिशवीत टाकायचे, आणि कड्या काही कमी निघत नव्हत्या. आईने त्या एका बरणीत साठवायला सुरुवात केली, ‘निदान भंगारवाल्याला तरी देऊ,’ म्हणून. माझी ओ लेव्हल झाली, मार्क चांगले पडले, कॉलेज सुरू झालं. सांगायला मला रोजचा दिवस मोकळा होता. आज सांगते, उद्या सांगते असं नव्हतं. मी ठरवलंच होतं की सांगायचं नाही. स्वतःबद्दल खोटं कशाला लिहू?

मग एका बुधवारी बाबा दुपारीच घरी आले. असं कधी होत नसे. हातात यार्डच्या दवाखान्याचा लिफाफा. आईने काही न विचारता पान वाढलं. आमटी, भात, भेंडी. बाबा जेवले. ताक प्यायले. मग म्हणाले, ‘कानाच्या तपासणीत नापास झालो.’

यार्डात दर वर्षी कान तपासायचे. काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचा, आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. बाबांनी अगदी साधेपणाने सांगितलं की गेल्या वर्षीच्या तपासणीत ते काचेतून नर्सचा हात बघून बटण दाबत होते. तिने कळ फिरवली की हे दाबणार. या वर्षी खोलीची मांडणी बदलली होती आणि नर्स पाठमोरी बसली होती.

आईचा हात भाताच्या भांड्यातच राहिला. ‘अहो, मग पास?’

‘पास आहे तसाच आहे. मला प्लॅनिंगच्या ऑफिसात बसवतायत. इंजिनाजवळ नाही जायचं आता. साहेब म्हणाला, कान गेले म्हणजे अक्कल गेली असं नाही.’

म्हणजे पुणे नव्हतंच. कुणी आम्हाला परत पाठवणार नव्हतं. मी सव्वा वर्ष ज्याला घाबरले ते कुठे नव्हतंच. आईने डोळ्यांना पदर लावला, मग ‘मेलं ते यार्ड!’ असं म्हणून ताटं उचलली आणि आत जाऊन नळ पूर्ण सोडला, म्हणजे आम्हाला तिचं रडणं ऐकू येऊ नये. बाबांना ते तसंही आलं नसतं.

आम्ही दोघंच टेबलाशी राहिलो. बाबा लिफाफ्याची घडी घालत होते. ‘डॉक्टर म्हणाला, वर्षभर आधी यायला हवं होतं. कानाला जपलं असतं तर इतके गेले नसते.’ मग म्हणाले, ‘त्या दिवशी निळ्याच्या वेळी तुझ्या भुवया वर गेल्या होत्या. तिन्ही वेळा.’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘वायर तिसऱ्यांदा झाळली तेव्हाच कळलं होतं. झाळकामात मी कच्चा नाही.’

‘मग मला विचारलंत कशाला?’

ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर फार बरं झालं असतं. ‘मला वाटलं, तू हो म्हणशील,’ ते म्हणाले. ‘तू हो म्हणाली असतीस, तर तिथून घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं असतं. माझं मला सुरुवात करवत नव्हती गं. कुणीतरी म्हणायला हवं होतं. तू नाही म्हणालीस, म्हणून मीही म्हटलं, राहू दे.’

टेबलावर आमटीचा एक थेंब सांडला होता, मी त्याच्याकडे बघत बसले. खालच्या मानेनेच म्हटलं, ‘बाबा, चुकलं माझं.’

‘काय म्हणालीस?’

मी परत म्हटलं. पुटपुटलेच.

बाबा पुढे झुकले, डावा कान माझ्याकडे करून. चेहऱ्यावर फक्त ऐकायची धडपड होती. ‘विंदे, मला नाही कळलं. वर बघून बोल.’

मी मान वर केली, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ओरडले, ‘चुकलं माझं, बाबा! मला ऐकू आलं होतं!’

आमचं दार उघडं होतं. सगळ्या कॉरिडॉरने ऐकलं असणार. शेजारच्या खलबत्त्याचा आवाज थांबला. आत आईने नळ बंद केला.

‘हां,’ बाबा म्हणाले. ‘आता आलं.’